लुना कुणाच्या जागेत

माझ्या लुनाच्या पुढच्या पत्र्यावर लाल रंगात अधिकचं चिन्ह आहे. ते मी स्वतः रंगवलं, हात हलल्यामुळे एक बाजू थोडी जाड झाली. रत्नागिरीत माझी जेवढी भांडणं झाली त्यातली निम्मी या चिन्हामुळे आणि उरलेली निम्मी लुना कुठे उभी केली यामुळे. रोग्याच्या घरात माझं कधी कुणाशी वाजलं नाही. वाजलं ते शेजाऱ्यांशी.

या अंकाच्या संपादकांनी पत्रात बजावलंय की निवेदन नको, अनुभव लिहा. ते मला ओळखतात. एसटी स्टँडाबाहेर माझ्या हातची पत्रकं त्यांनी घेतलीही आहेत आणि घडी करून खिशात टाकलीही आहेत. वसतिगृहात असताना, पंधराव्या वर्षी, मी पत्रक लिहायला शिकले. त्याचे तीन भाग असतात: आधी निषेध, मग मागणी, शेवटी इशारा. माणूस कुठे बसवायचा हे त्यात शिकवत नाहीत. त्यामुळे या लेखात मध्येच निषेध आला तर तो निषेधच समजावा, सवय म्हणून सोडून देऊ नये.

मी एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सकाळचे तीन तास डॉक्टर मला घरोघर पाठवतात, त्याला आम्ही व्हिजिट म्हणतो. जी माणसं अंथरुणातून उठून येऊ शकत नाहीत त्यांची जखम धुवायची, लघवीची नळी बदलायची, इंजेक्शन द्यायचं, घरच्यांना कूस बदलायला शिकवायचं आणि पुढच्या घरी जायचं. लोकांना वाटतं ही बाई येते, दहा मिनिटं बसते, चहा पिते आणि जाते. चहा मी पिते हे खरं आहे.

लुना दाराजवळ लागते त्याला कारण असतं. मागच्या कॅरिअरला स्टीलचा डबा बांधलेला असतो. त्यात दवाखान्यात वाफेवर शुद्ध केलेला गॉज, चिमटे, कात्री. तो डबा रोग्याच्या उशाशीच उघडायचा, वाटेत त्याचं झाकण सरकलं की आतलं सगळं वाया. शिवाय पिशवी, बाटल्या, रबरी चादर. हे सगळं घेऊन आमच्याकडच्या पाखाड्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा, पावसात चढून दाखवा, मग पार्किंगवर बोला. हा झाला निषेध.

आता माझ्या चुका. एका आळीत मी रोज एका घराच्या पायरीला लागून लुना लावायची, कारण पलीकडच्या माझ्या रोग्याच्या दारात गटार होतं. दोन आठवड्यांनी त्या घरातल्या काकू हात पुसत बाहेर आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, सिस्टर, आमच्या मुलीला रविवारी बघायला येणार आहेत, तेवढी ही गाडी दुसरीकडे लावाल का. मी विचारलं, गाडीचा काय संबंध? तर म्हणाल्या, लाल खूण बघून लोकांना वाटतं दुखणं आमच्याच घरात आहे. मी तिथल्या तिथे त्यांना अंधश्रद्धेवर भाषण दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, पण मुलगी माझी आहे. रविवारी मी लुना गटारापलीकडे लावली. लग्न जमलं. पेढे घेऊन त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा मला भाषणाचा एक शब्द आठवेना.

दुसऱ्या वेळी, आंब्याच्या दिवसांत, पावसच्या रस्त्यावर एका बागेच्या तोंडाशी लुना आडवी लावून मी आत गेले. बाहेर आले तर डोक्यावर पेट्या घेतलेले चार गडी उन्हात ओळीने उभे. लुनाला हात लावायला ते तयार नव्हते, आत आजारी माणूस आहे म्हणून. मालक एवढंच म्हणाला, आंबा थांबतो हो सिस्टर, मुंबईचा ट्रक थांबत नाय. मी त्यांची माफी मागितली. ही गोष्ट सांगते ती पुढचं समजावं म्हणून. चूक दिसली की माफी मागायला मला जड जात नाही. जड गेलं ते दुसरंच.

माई शहराच्या कडेला, चढावरच्या एका वाडीत राहायच्या. सत्तरीच्या असतील. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. मुलगा मुंबईला कारखान्यात, घरात सून शैला एकटी. मुलगा माईंना आणायला आला तोवर पंधरा दिवस त्या दुसऱ्या एका इस्पितळात उताण्याच पडून होत्या आणि पाठीखाली, माकडहाडापाशी, वाटी बसेल एवढी जखम झाली होती. अशी जखम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पडून पडून दाबलं गेलेलं मांस मरतं. ते रोज कापून काढायचं, मिठाच्या पाण्याने धुवायचं, ओला गॉज भरायचा. रोज. एक दिवस चुकला की चार दिवस मागे. नीट चाललं तर महिन्याभराने तळाशी मोहरीच्या दाण्यांसारखं तांबडं नवं मांस दिसायला लागतं. नाही चाललं तर विष अंगभर पसरतं आणि माणूस जातं. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अर्धांगाने ही बाई जाणार नाही, या जखमेने जाईल. तुझ्यावर आहे.

गाडीवाट माईंच्या अंगणापर्यंत जात होती, पण लुना उभी राहील अशी जागा तिथे एकच. बाकी सगळा उतार आणि मऊ माती, स्टँड रुतून गाडी आडवी व्हायची. माईंचं घर आणि शेजारच्या तात्यांचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण होतं. तो गडगा मध्येच तुटायचा, कारण तिथे कातळ वर आलेला होता, दोन चटया पसराव्यात एवढा सपाट. कातळ संपला की गडगा पुन्हा सुरू. मी पहिल्या दिवशी त्या कातळावर लुना चढवली आणि आत गेले.

परत आले तेव्हा तात्या लुनाजवळ उभे होते. अंगात बंडी, हातात कोयती, कारण ते नारळ सोलत होते. मी मात्र कोयतीच बघितली. त्यांनी विचारलं, कुणाला विचारून लावलीस गो? मी म्हटलं, आजारी माणसाकडे यायला विचारायला लागत नाही. ते म्हणाले, यायला नाय लागत, लावायला लागतं. उद्यापासून आधी मला विचारत जा. मी लाव म्हणेन, मग लाव.

मी लुना चालू केली आणि निघाले.

हे इथे सांगायला हवं. मी मंडणगडकडची, बौद्ध घरातली. माझी आजी लोकांच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या कडेला उभी राहून विचारायची, येऊ का. आत कधी यायचं, कुठपर्यंत यायचं, कुठे ठेवायचं, सगळं विचारायचं. बाबा मुंबईला गेले, शिकले, त्यांनी मला शिकवलं. मी पांढरी साडी नेसले तेव्हा मनात एकच ठरवलं होतं: कुणाच्या अंगणात पाय टाकण्यापूर्वी मी विचारणार नाही. मी बोलावल्यावर जाते, कामाला जाते. तात्यांना माझी जात ठाऊक होती की नव्हती ते मला तेव्हा कळलं नाही. मी धरूनच चालले.

शैला दुसऱ्या दिवशी चाचरत म्हणाली, सिस्टर, तात्यांना एकदा विचाराच, ती कातळाची भानगड आहे. मी तिला मध्येच तोडलं. भानगडी मी खूप बघितल्या होत्या.

तात्या रोज सांगत राहिले, मी रोज न विचारता लावत राहिले. एका सकाळी लुनाचं मागचं चाक बसलेलं सापडलं. ते कुणी केलं ते मला आजही माहीत नाही, खिळाही असेल. मी त्या रात्री पत्रक लिहिलं. मथळा होता, रुग्णसेवेच्या वाटेत काटे कोण पसरतो? आत लिहिलं होतं की एका पक्षाघाताच्या रुग्णाच्या अंगणातल्या कातळावर नर्सची गाडी उभी राहण्यास एक शेजारी मज्जाव करतो, की ही वाट हक्काची आहे, की परवानगीची भाषा यापुढे चालणार नाही. नाव कुणाचंच घातलं नाही. सायक्लोस्टाइल करून वाडीत, नळावर, स्टँडावर वाटलं.

तिसऱ्या दिवशी कातळावर काट्यांची शिरी, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, येऊन पडली. पत्रकात मी काटे आधी लिहिले आणि काटे नंतर आले.

मग मी खाली नळापाशी लुना ठेवून पाखाडीने चढायला लागले. नळावर बायकांच्या कळशांची रांग, त्यात माझी गाडी. तिथेही बोलणी खाल्ली, आणि तिथे बायकांचंच खरं होतं. श्रावण चालू होता, चिरे शेवाळलेले. पाचव्या दिवशी पाय घसरला. मला फार लागलं नाही, पण डबा हातातून सुटून पायऱ्यांवरून खाली गेला, झाकण एकीकडे, गॉज चिखलात. दवाखान्यात परत जाऊन दुसरा डबा वाफेवर लागेपर्यंत तिथे दुसरे रोगी आले. त्या दिवशी माईंची जखम धुतली गेली नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस इतका की पाखाडीच दिसेना, मी निम्म्यातून परतले. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर मला वासानेच कळलं. मोहरीच्या दाण्यांसारखं जे थोडं वर आलं होतं ते राखाडी झालं होतं. माईंना ताप होता. बोलता येत नव्हतं, पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

डॉक्टर रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी विचारलं, गाडी वर का नेत नाहीस? मी कारण सांगितलं. ते म्हणाले, पत्रकात हेही लिही, की तुझा मुद्दा बरोबर आहे आणि बाई गेली.

त्या दुपारी मी तात्यांकडे गेले. भांडायलाच गेले होते. ते पडवीत बसले होते, त्यांनी मला पाट दिला आणि आतून एक जुनं कागदांचं पुडकं आणलं. माझं पत्रक त्यात सर्वांत वर होतं.

मग मला सगळं कळलं. तो कातळ कुणाचा यावर माईंचे यजमान आणि तात्या, सख्खे चुलत भाऊ, कोर्टात गेले होते. गडगा कातळावर चढवता येत नाही, पाया खणता येत नाही, म्हणून हद्द कुठली ते ठरत नव्हतं. यजमान वारले, त्यांच्या जागी माईंचं नाव लागलं, दावा चालूच. आमच्याकडे जमीन कागदावर जेवढी असते तेवढीच वहिवाटीवर असते. कोण चालतं, कोण वाळवण घालतं, कोण काय ठेवतं, आणि कुणी हटकलं नाही, यावर कोर्टात साक्षी होतात. माईंकडे येणारी गाडी रोज न विचारता कातळावर उभी राहिली की ती माईंची वहिवाट. विचारून उभी राहिली की तात्यांची परवानगी. आणि मी तर छापूनच दिलं होतं, माईंच्या अंगणातला कातळ म्हणून. तात्यांचा वकील ते पत्रक घेऊन त्यांच्याकडे आला होता, आणि काटे टाका, नाहीतर दावा गेला, असं त्यानेच सांगितलं होतं.

"मी तुला नको म्हटलंच नाय कधी," तात्या म्हणाले. "पहिल्या दिवसापासून म्हटलं, विचार, मी लाव म्हणतो. वहिनीची पाठ बरी व्हावी असं मला नाय वाटत?"

मला एक गोष्ट आठवली. माईंच्या खिडकीत रोज सकाळी एक ताजं शहाळं असायचं. ते कुठून येतं हे मी शैलाला कधी विचारलं नव्हतं. मी आता बघितलं, पडवीच्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवसाचं शहाळं सोलून ठेवलेलं होतं. कोयती त्याच्यासाठी होती.

मी त्यांना आजीचं सांगितलं. खळं, कड, उभं राहणं. आवाज न चढवता सांगितलं, मला ते जमलं याचं नवल वाटतं. म्हटलं, विचारणं हा तुमच्यासाठी दाव्याचा शब्द आहे, माझ्यासाठी तो तीन पिढ्यांचा आहे.

तात्यांनी पुडक्यावरचं माझं पत्रक हातात घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आजीनं विचारल्यावर काय उत्तर यायचं?"

"उत्तर यायचंच नाही पटकन. वाट बघत उभं राहायला लागायचं."

त्यांनी पत्रकाची घडी घातली. म्हणाले, तशी वाट मी कुणाला बघायला लावलीच नाय असं मी म्हणणार नाय. आमच्याही खळ्याला कड होती.

मग मी माझी मागणी मांडली. पत्रकाची सवय कामाला आली. मी रोज विचारीन. पण मी येते तेव्हा तुम्ही गडग्याशी उभे असायला हवं, मी एक क्षणही थांबणार नाही. आणि मला अगो-तुगो चालणार नाही, सिस्टर म्हणायचं आणि लावा म्हणायचं.

"आणि इशारा?" तात्यांनी विचारलं. पत्रक त्यांनी नीट वाचलं होतं.

"इशारा नाही. माई जातील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चढ चढून वळले तर काटे बाजूला केलेले, आणि तात्या गडग्याशी उभे, धुतलेली बंडी घालून. मी लुना थांबवली, इंजिन चालू ठेवलं आणि मोठ्याने विचारलं, तात्या, गाडी लावू का? ते म्हणाले, लावा सिस्टर. माझा आवाज पहिल्या दिवशी बरा नव्हता. त्यांचाही नव्हता, लावा म्हणताना जीभ अडली. आठवड्याभराने अडायची थांबली. पुढे पुढे त्यात इतरही गोष्टी शिरल्या. लावा सिस्टर, आज उशीर केलात. लावा सिस्टर, पट्टी कशी हाय? एकदा मी विचारलं, रोज एकच उत्तर देऊन कंटाळत नाही का, तर म्हणाले, कोर्टात तर तेही मिळत नाय.

जखम भरायला लागली. भाद्रपद संपला, आश्विन आला, वाटीची दिवली झाली. तापही गेला. वाचेचं मात्र काही नव्हतं. माईंच्या तोंडून नुसता बा, बा असा आवाज निघायचा आणि तो आपला आपल्याला ऐकू आला की त्या डोळे मिटून घ्यायच्या. मी पट्टी करताना त्यांच्याशी बोलायची, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. हे पाणी. ही कात्री. ही शैला. त्या भिंतीकडे बघत राहायच्या.

मग एक दिवस मी वळले आणि गडग्याशी कुणी नव्हतं. मी लुना थांबवली, इंजिन चालू. विचारलं, तात्या, गाडी लावू का? त्यांचं दार बंद. पुन्हा विचारलं. मनात आलं, बघ, शेवटी उभी राहिलीसच. करार त्यांनी मोडलाय, लाव सरळ. दुसरं मन म्हणालं, तू न विचारता लावलीस तर करार तू मोडलास. नळावर न्यावी, तर डबा. मी तशीच उभी, आणि इंजिनाची फटफट सगळ्या वाडीला ऐकू जातेय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलेली होते.

माईंच्या घरातून आवाज आला, "लावा."

जाड, ओला, ओढून काढलेला आवाज. मला वाटलं तात्या मागच्या दाराने माईंकडे आलेत. तेवढ्यात शैला पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी ऐकलं की नाही हे बघायला.

आतून पुन्हा, "लावा."

दोन महिने माईंनी रोज सकाळी आठला भिंतीपलीकडून तेच प्रश्नोत्तर ऐकलं होतं. त्या दिवशी प्रश्न तीनदा आला आणि उत्तर आलं नाही. माईंना ते सहन झालं नसावं. मी कातळावर लुना लावली. स्टँड लावायला दोनदा पाय मारावा लागला.

तात्यांची त्या दिवशी कोर्टात तारीख होती. मला सांगायचं विसरले होते. तारीख त्याच कातळाची. दुपारी ते परतले तेव्हा शैलाने गडग्यावरून त्यांना सांगितलं. मी तिथे नव्हते, तिनेच मला नंतर सांगितलं. तात्या तिथल्या तिथे गडग्यावर बसले. म्हणाले, काय म्हणाली? शैला म्हणाली, लावा म्हणाल्या. कुठे लावा? कातळावर. मग ते हसायला लागले आणि थांबेनात. म्हणाले, सकाळभर मी जज्जापुढे सांगतोय कातळ माझा, आणि इकडे हिचा पहिला शब्द काय, तर माझ्या जागेत गाडी लावा.

आणि मग, दावा लागल्यापासून जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. कातळ ओलांडून माईंच्या घरात गेले. खाटेजवळ खाली बसले. म्हणाले, वहिनी, परत एकदा म्हणा. माईंनी त्यांच्याकडे बघून म्हटलं. शैला सांगते, त्यांनी चार वेळा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आठला वळले. तात्या गडग्याशी उभे होते. मी विचारलं, गाडी लावू का? आणि उत्तर दोन्हीकडून आलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. जखमेच्या जागी आता नुसता गुळगुळीत डाग आहे. माई काठी टेकत पडवीपर्यंत येतात, पंधरा-वीस शब्द बोलतात, त्यातले तीन-चार शिव्या आहेत. मी आता महिन्यातून एकदाच जाते. दावा चालू आहे. माझं पत्रक अजून वकिलाच्या पुडक्यात आहे, ते परत मागायला मी गेले होते, पण पुरावा परत देत नाहीत म्हणे.

मी अजून विचारते. आणि लुना उभी राहते ती त्या दोघांपैकी जो आधी लावा म्हणेल त्याच्या जागेत.